एक गांव, त्याचें रान आणि त्याची सभा

बांबू हें झाड कीं गवत, असा प्रश्न केला तर वनस्पतिशास्त्राचा कोणताहि विद्यार्थी तत्काळ सांगेल कीं, बांबू हें गवत आहे. भात, गहूं आणि ऊंस ज्या कुळांतले, त्याच कुळांतलें तें. परंतु १९२७ च्या हिंदुस्थानच्या वन-कायद्यानें आपल्या व्याख्येच्या कलमांत बांबूस झाडांच्या पंगतीला बसविलें. आणि एकदां झाड म्हटल्यावर त्याची तोडलेली काठी ओघानेंच इमारती लाकूड ठरली. वरवर पाहतां हा व्याख्येंतला एक शब्द. परंतु त्या एका शब्दापायीं गडचिरोली जिल्ह्यांतील एका लहानशा गोंड गांवास आपल्याच रानांतील बांबू उजळ माथ्यानें बाजारांत नेण्यासाठीं मंत्र्यांना आपल्या दारीं आणावें लागलें. त्या गांवाचें नांव मेंढा. शेजारच्या लेखा गांवाच्या नांवाशीं जोडून त्यास मेंढा (लेखा) असें म्हणतात.

ह्या गांवाची हकीकत सांगण्यांत केवळ त्याचें कौतुक करावें असा आमचा हेतु नाहीं. कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. आणि कौतुकाचा एक दोष असा कीं, ज्याचें कौतुक केलें त्याच्यापासून कांहीं शिकण्याची जबाबदारी आपोआप टळते. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, रान राखणें आणि राज्य चालविणें हीं दोन कामें निरनिराळीं नव्हेत. जें गांव एकत्र बसून आपला कारभार ठरवूं शकत नाहीं, त्याला कायद्यानें रान दिलें तरी तें टिकणार नाहीं; आणि ज्या गांवाच्या हातीं ठरविण्याजोगें कांहींच नाहीं, तेथील सभा नांवाचीच राहील. हें म्हणणें वाचकांस पटवून देण्यासाठीं प्रथम थोडें मागें गेलें पाहिजे.

इंग्रजी अमदानींत रानाचें स्वतंत्र खातें १८६४ सालीं निघालें. आगगाडीच्या रुळांखालीं घालावयास लाकडी स्लीपर हवे होते, जहाजांस सागवान हवें होतें, आणि तें पुरविणारीं रानें डोळ्यांदेखत ओस पडत चाललीं होतीं. त्या खात्याचे पहिले प्रमुख डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. सरकारी रानें सरकारनें राखावीं, परंतु त्यांच्या जोडीला गांवोगांव ग्रामवनें असावीं व त्यांची व्यवस्था गांवानेंच पाहावी, असें त्यांचें मत होतें. ह्याच्या उलट बेडन-पॉवेल नांवाच्या अधिकाऱ्याचा पक्ष असा कीं, रान हें मूळचें राजाचें. लोक तेथें गुरें चारतात व लाकूडफांटा नेतात तो त्यांचा हक्क नसून राजाची मेहेरबानी होय. १८७८ च्या कायद्यांत हा दुसरा पक्ष वरचढ ठरला. कायद्यांत ग्रामवनांचें एक प्रकरण राहिलें खरें, पण बहुतेक प्रांतांत तें कागदाबाहेर आलें नाहीं. गांवकऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या जेथून मोळी आणली तेथेंच तो आतां चोर ठरूं लागला.

ह्याविरुद्ध महाराष्ट्रांत त्याच काळीं आवाज उठला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ह्या कायद्यास हरकत घेतली. आणि जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ च्या आपल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत रानखात्यानें गोरगरीब कुणब्यांचीं चराऊ रानें कशीं गिळंकृत केलीं, ह्याचें जळजळीत वर्णन केलें. पुढें १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह चालूं असतां, ज्या भागांत समुद्र नव्हता तेथें लोकांनीं मिठाऐवजीं गवत उचललें. त्या वर्षाच्या १० जुलै रोजीं लोकनायक बापूजी अणे ह्यांनीं वऱ्हाडांत पुसद येथें गवत कापून जंगलचा कायदा मोडला. बिळाशीच्या शेतकऱ्यांनीं झेंडा रोवला. आणि २५ सप्टेंबर रोजीं कुलाबा जिल्ह्यांत चिरनेर येथें गोळीबारांत माणसें पडलीं.

हा इतिहास अभिमानाचा आहे, आणि तो आमच्या मुलांना पाठ असावा असें आम्हांस वाटतें. परंतु एक गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. सत्याग्रहानें अन्यायाचा कायदा मोडतां येतो. त्याच्या जागीं दुसऱ्या दिवशीं काय करावयाचें, हें सत्याग्रह सांगत नाहीं. स्वराज्य आलें तेव्हां राज्यकर्ते बदलले, पण १९२७ चा वन-कायदा जागच्या जागीं राहिला, आणि खाकी पोशाखांतला पहारेकरीहि जागच्या जागीं राहिला. ज्यांनीं गवत कापून तुरुंग भोगला त्यांच्या नातवंडांना गवतासाठीं पूर्वीप्रमाणेंच परवाना लागूं लागला.

आतां मेंढा गांवाकडे वळूं. हें गांव धानोरा तालुक्यांत, गडचिरोली शहरापासून सुमारें तीस किलोमीटरांवर आहे. शंभरेक घरें, चारपांचशें माणसें, आणि वस्ती बहुतेक सारी गोंडांची. भोंवतीं रान, त्यांत सागवान, मोह, तेंदू, आंवळा आणि बांबू. गांवाच्या हद्दींतलें हें रान सुमारें अठराशें हेक्टर भरतें. त्यापुढें शेतजमीन अगदींच थोडी. पूर्वीं हा मुलूख जमीनदारांच्या ताब्यांत होता, आणि प्रजेला घरगुती वापरापुरतें लाकूड, बांबू व चारा नेण्याचा 'निस्तारा'चा हक्क असे. विदर्भ त्या वेळीं मध्यप्रदेशांत मोडत होता. त्या राज्याच्या १९५० च्या कायद्यानें जमीनदारी गेली आणि रान सरकारांत जमा झालें. निस्ताराची नोंद दप्तरांत राहिली. परंतु व्यवहारांत कुंपण वाढत गेलें. बांबूचे साठे कागदाच्या कारखान्यांस लांब मुदतीच्या करारांनीं स्वल्प दरांत मिळूं लागले, आणि घराच्या कुडासाठीं चार काठ्या आणणाऱ्या गोंडाला मात्र रखवालदाराची मनधरणी करावी लागे.

गांवाच्या जागृतीला निमित्त झालें तें धरणांचें. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम् अशीं दोन प्रचंड धरणें बांधण्याचा बेत होता. तो तडीस जाता तर हजारों हेक्टर रान व शेंकडों आदिवासी वस्त्या पाण्याखालीं जात्या. १९८० नंतरच्या चारपांच वर्षांत ह्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' ही चळवळ उभी राहिली. बाबा आमटे व गोंडांचे पुढारी लालश्याम शाह ह्यांच्यासारखे वडीलधारे तिच्या अग्रभागीं होते, आणि गांवोगांवचे आदिवासी स्त्रीपुरुष तिच्यांत सामील झाले होते. मेंढा येथील मंडळीहि त्यांत होती. धरणांचा बेत बारगळला.

बहुतेक चळवळी येथेंच संपतात. संकट टळलें कीं मंडप उतरतो, पुढारी दुसऱ्या कामाला लागतात, आणि लोक आपापल्या घरीं जातात. मेंढा गांवाचा मोठेपणा असा कीं, तेथें ह्याच ठिकाणीं सुरुवात झाली. धरण नको हें आपण सांगितलें. पण हवें काय, हा प्रश्न गांवानें स्वतःस विचारला. देवाजी तोफा हे गांवचेच एक शेतकरी ह्या विचारांत पुढें होते. आणि वृक्षमित्र ह्या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे सर्वोदयी कार्यकर्ते, रान व माणूस ह्यांच्या संबंधाचा अभ्यास करावा म्हणून ह्या सुमारास तेथें आले. ते योजना घेऊन आले नाहींत, प्रश्न घेऊन आले. आणि आमच्या मतें त्यांच्या कामाचें निम्मे यश ह्यांतच आहे. ह्या मंथनांतून जी घोषणा निघाली ती पुढें सर्वत्र गाजली: 'दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार.' गोंडी भाषेंत तिचें रूप आणखी आटोपशीर आहे: 'मावा नाटे मावा राज.'

घोषणा करणें सोपें असतें. ह्या गांवानें तिचा अर्थ सभेंत उतरविला. मेंढा येथील ग्रामसभा म्हणजे निवडून आलेल्या पंचांची पंचायत नव्हे. पंचायत अनेक गांवांची मिळून असते व तेथें प्रतिनिधि बसतात. ग्रामसभेंत गांवांतील सारीं प्रौढ माणसें स्वतः बसतात. तेथें हात वर करून मतें मोजीत नाहींत. सर्वांची संमति होईपर्यंत चर्चा चालते. एकाचाहि मनापासून विरोध असेल तर निर्णय पुढें ढकलतात व पुन्हां बसतात. ह्याचें कारण उघड आहे. साठांनीं चाळिसांवर मात केली तर ते चाळीस उद्यां रानांत जाऊन नियम मोडतील, आणि शंभर घरांच्या गांवाला अठराशें हेक्टरांवर पोलीस ठेवणें परवडणारें नाहीं. ज्याला नियम मान्य आहे तोच त्याचा पहारेकरी. आम्हां शिकलेल्या लोकांस बहुमत म्हणजेच लोकशाही असें वाटतें. ह्या गांवानें तिचा दुसरा, आणि कदाचित् अधिक जुना, अर्थ उघड करून दाखविला.

सभेच्या जोडीला त्यांनीं आणखी एक गोष्ट केली, आणि ती आम्हांस फार मोलाची वाटते. तिला ते 'अभ्यासगट' म्हणतात. येथें कोणताहि निर्णय घ्यावयाचा नाहीं. फक्त विषय समजून घ्यावयाचा. बाहेरचा जाणता माणूस आला तर त्याचें ऐकावयाचें, कायद्याचें पुस्तक वाचावयाचें, शंका काढावयाच्या. निर्णयाची घाई नसल्यामुळें कोणाला हरण्याची भीति नसते, आणि भीति नसल्यामुळें माणूस मोकळेपणानें बोलतो. मधाचेंच उदाहरण घ्या. मधाच्या लोभानें पोळें जाळलें कीं माशा मरतात, आणि पुढल्या वर्षीं मधहि नाहीं. मधमाशांच्या जीवनाचा अभ्यास झाला, आणि माशांना न मारतां मध काढण्याची रीत गांवांत आली. दारूचा प्रश्न स्त्रियांनीं सभेपुढें आणला. मोहाची दारू गोंडांच्या देवकार्यांत असते, त्यामुळें तो प्रश्न एका बैठकीचा नव्हता. तो पुनःपुन्हां चर्चिला गेला तेव्हां कोठें गांव एकमताला आलें. त्यानंतर स्त्रिया सभेंत मागें बसणाऱ्या राहिल्या नाहींत.

ह्या सभेची कसोटी लवकरच लागली. घोटुल म्हणजे गोंड तरुणांचें सामायिक घर. तें गांवांत नव्यानें बांधावें असें ठरलें, आणि त्यासाठीं रानांतील लाकूड आणलें. वनखात्यानें तें बेकायदा ठरवून बांधकाम पाडलें. गांवानें हाणामारी केली नाहीं. आसपासच्या गांवांना बोलावून बैठक घेतली, आणि घोटुल पुन्हां उभें राहिलें. एका गांवाचा प्रश्न अनेक गांवांचा झाला कीं खात्याचाहि आवाज खालीं येतो, हा धडा सर्वांनाच मिळाला. कागदाच्या कारखान्यासाठीं आपल्या हद्दींतील बांबू तोडूं देण्यासहि गांवानें विरोध केला. परंतु बाहेरच्याला 'तोडूं नको' म्हणावयाचें तर आपणहि मनास येईल तसें तोडतां कामा नये, हें त्यांनीं ओळखलें. ग्रामसभेच्या परवानगीवांचून तोड करावयाची नाहीं, रानाला आग लावावयाची नाहीं, पाळीपाळीनें पहारा करावयाचा, नियम मोडील त्यानें दंड भरावयाचा, असें ठरलें. आणि हें सारें हक्काचा कोणताहि कागद हातीं नसतां ठरलें.

कागद मागाहून आला. सरकारनें १९९० सालीं संयुक्त वनव्यवस्थापनाचें धोरण काढलें. तें मूळ उजाड रानांपुरतें होतें. मेंढा गांवानें आपल्या उभ्या रानासाठीं आग्रह धरला, आणि तो मान्य करून घेतला. १९९६ सालीं अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा झाला व त्यानें ग्रामसभेस अधिकार दिले. नंतर २००६ सालीं संसदेनें वनहक्कांचा कायदा संमत केला. आदिवासींवर जो अन्याय झाला तो ऐतिहासिक होता, अशी कबुलीच ह्या कायद्याच्या प्रस्तावनेंत आहे. आणि त्यांत गांवाला आपल्या हद्दींतील रानाचा सामूहिक हक्क मागतां येतो. मेंढा गांवानें मागणी केली आणि २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर रानाचें हक्कपत्र त्याच्या हातीं पडलें. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते.

आणि येथें आमच्या आरंभींच्या गवताचा पुन्हां प्रवेश होतो. नव्या कायद्यानें बांबूस गौण वनोपज म्हणून गांवाच्या मालकीचें ठरविलें होतें. गांवानें बांबू विकावयास काढला. खातें म्हणालें, जुन्या कायद्याप्रमाणें बांबू हें झाड आहे. त्याच्या वाहतुकीचा परवाना आम्ही देणार नाहीं. मालकी गांवाची, पण माल गांवाबाहेर नेतां येत नाहीं, असा हा चमत्कार! गांवानें कायदा हातीं घेतला तो पुस्तकाच्या रूपानें. पत्रें लिहिलीं, अभ्यासगटांत कलमें वाचलीं, आणि प्रश्न दिल्लीपर्यंत नेला. मार्च २०११ मध्यें केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनीं राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हा गौण वनोपज समजावा असें कळविलें. आणि २७ एप्रिल २०११ रोजीं ते व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण असे दोघे मेंढा येथें आले, व वाहतूक-परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. पुस्तक तें केवढें! परंतु १८७८ पासून जो अधिकार खात्याच्या मेजावर होता तो त्या दिवशीं एका गांवाच्या सभेंत आला. २०१७ सालीं १९२७ चा कायदाहि बदलला, आणि रानाबाहेर वाढणारा बांबू तरी झाडांच्या यादींतून सुटला.

दोन वर्षांनीं, २०१३ सालीं, गांवानें आणखी एक पाऊल टाकलें. विनोबांच्या भूदानयज्ञांतून ग्रामदानाची कल्पना निघाली होती व महाराष्ट्रांत तिचा कायदा १९६४ सालापासून आहे. जमिनीची मालकी ग्रामसभेची, कसण्याचा व वारसाचा हक्क ज्याचा त्याचा. पण जमीन गांवाबाहेरच्या माणसास विकतां येत नाहीं, हें त्याचें सार. जो कायदा लोक विसरून गेले होते त्याखालीं मेंढा गांवानें आपली शेतजमीन ग्रामसभेस अर्पण केली. रान सामायिक असून शेत जर सावकाराच्या घशांत गेलें तर सभेंत बसणारा माणूसच गांवांत उरणार नाहीं, हें त्या मंडळींनीं जाणलें.

१९६८ सालीं गॅरेट हार्डिन नांवाच्या अमेरिकन पंडितानें एक निबंध लिहून असें प्रतिपादन केलें कीं, जें कुरण सर्वांचें तें शेवटीं उजाडच होणार. कारण जो तो आपलें एक गुरूं अधिक चारतो. ह्यास उपाय दोनच, सरकारची मालकी किंवा खासगी मालकी. हें मत बरींच वर्षें वेदवाक्याप्रमाणें मानलें गेलें. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीनें देशोदेशींचीं कुरणें, पाट व मासेमारीचीं पाणथळें तपासून दाखविलें कीं, जेथें लोक एकमेकांस ओळखतात, स्वतः नियम करतात व स्वतः ते पाळवून घेतात, तेथें सामायिक धन शतकें टिकलें आहे. ह्या कामाबद्दल त्यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें तें २००९ सालीं. म्हणजे ज्या वर्षीं मेंढा गांवाला हक्कपत्र मिळालें, त्याच वर्षीं.

ह्यावर विचारी वाचक कांहीं आक्षेप घेतील, आणि ते रास्त आहेत. मेंढा लहान गांव आहे. बहुतेक सारे एका समाजाचे. तेथें एकमत होऊं शकतें. जेथें जातीजातींची भांडणें आहेत, जेथें अर्धा गांव शहरांत पोटासाठीं गेला आहे, तेथें काय? शिवाय एकमताच्या नांवाखालीं बलवान् माणूस दुबळ्याचें मौन हीच संमति समजेल, ही भीति खोटी नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, हा धोका बहुमतांतहि आहे. फरक असा कीं, एकमताच्या सभेंत दुबळ्याचा नकार निर्णय थांबवूं शकतो, आणि बहुमताच्या सभेंत तो फक्त मोजला जातो. दुसरें असें कीं, पैसा आला म्हणजे गांव बिघडतें, हा अनुभव सार्वत्रिक आहे. बांबूच्या विक्रीनें मेंढा गांवांतहि पैसा आला. त्याचा हिशेब सभेपुढें उघडा ठेवणें हाच त्यावरचा इलाज. आणि ती दक्षता एकदां घेऊन भागत नाहीं, दर हंगामांत नव्यानें घ्यावी लागते.

गडचिरोली जिल्ह्यांत पुढें शेंकडों गांवांना सामूहिक वनहक्क मिळाले. त्या साऱ्यांनीं मेंढा गांवासारखेंच करून दाखविलें असें कोणीहि म्हणणार नाहीं. कागद एका दिवसांत देतां येतो. बसण्याची संवय एका दिवसांत देतां येत नाहीं. मेंढा गांवाला कागदापूर्वीं जीं वीस-पंचवीस वर्षें मिळालीं, त्यांत ती संवय जडली. जेथें कागद आधीं आला तेथें ती मागाहून लावावी लागेल, आणि तें काम कोणत्याहि मंत्र्याच्या हातचें नाहीं.

आणि आम्ही? हा लेख वाचणारे बहुतेक शहरांत राहतात. आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा गणसंख्येअभावीं तहकूब होते, आणि अर्ध्या तासानें त्याच खुर्च्यांवर, त्याच सातआठ माणसांनिशीं, गणसंख्येच्या अटीवांचून भरते. शेजारची टेंकडी खणली जाते, नदीच्या पात्रांत भराव पडतो, आणि आम्ही वर्तमानपत्रांत पत्र लिहून 'सरकार काय करतें?' असें विचारतों. सातवी-आठवीपुढें न शिकलेले गोंड शेतकरी एकत्र बसून कायद्याचीं कलमें वाचतात, आणि पदवीधरांच्या वस्तींत आपल्याच संस्थेचे उपविधि कोणीं वाचलेले नसतात! रान आमच्यापाशीं नाहीं, हें खरें. परंतु ठरविण्याजोगें कांहीं नाहीं, असें आम्हांस म्हणतां येणार नाहीं. नदी आहे, टेंकडी आहे, रस्त्यावरचीं झाडें आहेत, विहिरी आहेत. नाहीं ती सभा. निदान पुढल्या वर्षीं आमच्या संस्थेची सभा तहकूब न होतां पहिल्याच वेळेस भरली, आणि तींत अंगणांतल्या एका जुन्या झाडाविषयीं सर्वांची संमति होईपर्यंत आम्ही बसलों, तरी मेंढा गांवाचें थोडें ऋण फिटलें असें आम्ही समजूं.